आजार लपवू नका, सरावही सोडू नका

छातीचा आजार घोडपदेवला नवा नाही. भायखळा, रे रोड आणि कॉटन ग्रीन यांच्यामधला हा भाग गिरण्या, गोदामे आणि रेल्वेचे रूळ यांच्या कुशीत वाढला. एका खोलीत आठ-दहा माणसे, पाळीप्रमाणे झोपणारी, पाळीप्रमाणे कामावर जाणारी. गिरणीत कापूस पिंजण्याच्या खात्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांच्या फुप्फुसात कापसाची धूळ साठत राहिली. सुटी संपवून सोमवारी कामावर गेले की छाती आवळून यायची, दम लागायचा. डॉक्टर या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. कामगार त्याला नुसता 'दमा' म्हणत आणि पुढच्या पाळीला हजर होत.

दुसरा आजार टीबीचा, म्हणजे क्षयाचा. शिवडीचे क्षयरोग रुग्णालय रे रोडहून गाडीने अवघ्या दोन स्टेशनांवर. पण त्याचे नाव निघाले की आजही घरात बोलणाऱ्याचा आवाज खाली जातो. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि त्यानंतर एकेक भोंगा कायमचा बंद पडत गेला. घोडपदेवच्या न्यू हिंद मिलच्या जागेवर आज गिरणी कामगारांसाठी म्हाडाने बांधलेल्या इमारती उभ्या आहेत. गिरण्या गेल्या, टीबी मात्र गेला नाही. जगातल्या टीबीच्या रुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा आपल्या देशात आहे आणि दाटीवाटीच्या मुंबईत तो कोणाच्याही घरात शिरू शकतो.

याच गिरणगावाला व्यायामाचेही वेड. तालमी, लेझीम, लाठी हे सारे इथल्या गल्लीबोळांत होते. समता सैनिक दलाने आपल्या तरुणांना कवायत आणि शिस्त दिली. १९७३ साली ब्रूस लीचा 'एंटर द ड्रॅगन' आला आणि पुढे लाठीच्या जोडीला कराटे आले. शाळेच्या मैदानात, इमारतीच्या गच्चीवर, विहाराच्या सभागृहात पांढऱ्या पोशाखातली मुले-मुली रांगेत उभी राहू लागली. मुलगी रात्री क्लासहून एकटी परत येते, तिला दोन हात करता आले पाहिजेत, एवढ्या साध्या विचाराने आयांनी मुलींना या वर्गात घातले. ते योग्यच केले.

आता प्रश्न असा. अशा एखाद्या मुलाला किंवा मुलीला टीबी झाला, तर काय करायचे?

दोन चुकीच्या वाटा

आपल्या घरांत बहुतेक वेळा दोनपैकी एक वाट धरली जाते.

पहिली वाट लपवण्याची. मुलीचे लग्न व्हायचे आहे, शेजारी काय म्हणतील, क्लासमधून काढतील, म्हणून कोणाला सांगायचे नाही. मुलगी खोकला दाबत रांगेत उभी राहते, सरांच्या हुकुमावर शंभर पंच मारते, ओरडते, धावते. अंगात बारीक ताप आहे हे तिला आणि तिच्या आईलाच ठाऊक. यात तिच्या जिवाला धोका आहे आणि तिच्या शेजारी उभ्या असलेल्या दहा मुलांनाही.

दुसरी वाट सोडून देण्याची. 'तुला टीबी झालाय, आता कराटे-बिराटे बंद.' पोशाख घडी घालून माळ्यावर जातो आणि तो पुन्हा खाली येत नाही. औषधाने सहा महिन्यांत आजार बरा होतो, पण 'मी आजारी माणूस' ही समजूत जन्मभर राहते. टीबीने जेवढे नेले नसते तेवढे ही समजूत नेते.

या दोन्हींच्या मधली एक तिसरी वाट आहे. आजार उघडपणे सांगायचा, औषध पुरे घ्यायचे, सराव काही काळ थांबवायचा आणि मग मापाने पुन्हा सुरू करायचा. ही वाट अवघड नाही. मात्र त्यासाठी रुग्ण, डॉक्टर, क्लासचे सर आणि घर या चौघांचे एकमत लागते.

कराटेचा गुरूच अशक्त होता

आजाऱ्याने युद्धकला शिकणे हे कोणाला विचित्र वाटत असेल, तर त्याने या कलांचा इतिहास पाहावा.

आधुनिक कराटेचे जनक मानले जाणारे गिचिन फुनाकोशी यांचा जन्म १८६८ साली ओकिनावा बेटावरील शुरी गावी झाला. ते दिवस पुरे होण्याआधीच जन्मले. हे पोर फार दिवस काढणार नाही, असे नातेवाइकांना वाटे. प्रकृतीने किरकोळ असलेला हा मुलगा आझातो आणि इतोसू या गुरूंकडे कराटे शिकू लागला. आपली तब्येत सरावाने सुधारत गेली असे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवले. १९२२ साली टोकियोत त्यांनी कराटेचे प्रात्यक्षिक दाखवले आणि ही कला जपानभर पसरली. १९५७ साली ते वारले तेव्हा त्यांचे वय ८८ होते. कराटे या शब्दाचा जुना अर्थ 'चिनी हात' असा होता. फुनाकोशींनी त्याच उच्चाराचे दुसरे अक्षर वापरून त्याचा अर्थ 'रिकामा हात' असा केला. रिकामा म्हणजे शून्य, आणि बौद्ध विचारातली शून्यता त्यांच्या मनात होती. आपल्या मुलांनी हे जरूर जाणून घ्यावे.

दुसरे उदाहरण टीबीचेच आहे. चीनमधले चेंग मान-चिंग हे चित्रकार, कवी आणि पुढे वैद्य म्हणूनही प्रसिद्ध झाले. तरुणपणी त्यांना क्षय झाला आणि खोकल्यातून रक्त पडू लागले. तेव्हा ते ताय ची शिकू लागले. ताय ची ही चीनची युद्धकलाच, पण तिच्या हालचाली सावकाश, पाण्यासारख्या. प्रकृती सुधारली तसा त्यांनी सराव सोडला आणि आजार उलटला. मग ते यांग चेंग-फू या मोठ्या गुरूंकडे नेटाने शिकले. १९६४ साली ते न्यूयॉर्कला गेले, तिथे अमेरिकन शिष्य घडवले, आणि १९७५ साली त्यांचे निधन झाले.

ही हकीकत वाचून कोणी गोळ्या फेकून ताय ची सुरू करू नये! चेंग आजारी पडले तेव्हा टीबीवर औषधच नव्हते. स्ट्रेप्टोमायसीन हे पहिले गुणकारी औषध १९४३ साली सापडले. त्याआधी रुग्णाच्या हाती विश्रांती, हवा आणि आहार एवढेच होते. त्यातून काही जगत, पुष्कळ मरत. टीबीचा जंतू कवायतीने मरत नाही, तो औषधानेच मरतो. चेंग यांच्या कथेतून घ्यायचा धडा वेगळा आहे. बरे वाटू लागले म्हणून जे सोडले, ते महागात पडले. आज नेमकी हीच चूक आपली माणसे गोळ्यांच्या बाबतीत करतात. दोन महिने झाले, वजन वाढले, खोकला गेला, की गोळ्या बंद. मग उरलेले चिवट जंतू पुन्हा डोके वर काढतात आणि साध्या औषधांना दाद देत नाहीत.

औषध आणि सराव यांची सांगड

साध्या टीबीवर सहा महिन्यांचा उपचार असतो. पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन औषधे, रोज, वजनाप्रमाणे. सरकारी आणि महापालिकेच्या केंद्रांत ती मोफत मिळतात. निक्षय पोषण योजनेखाली पोषणासाठी रुग्णाच्या बँक खात्यात पैसे जमा होतात. २०१८ साली ही रक्कम महिना ५०० रुपये होती, नोव्हेंबर २०२४ पासून ती १००० रुपये झाली आहे. हा आपला हक्क आहे, तो मागून घ्यावा. औषधांना दाद न देणाऱ्या टीबीचा उपचार वेगळा आणि अधिक कडक असतो, त्यातली प्रत्येक गोष्ट तज्ज्ञालाच विचारावी.

सरावाचे काय? पहिल्या टप्प्यात पूर्ण विश्रांती आणि वर्गाला सुटी. फुप्फुसाचा टीबी हवेतून पसरतो. खोकताना, शिंकताना, मोठ्याने बोलताना उडणाऱ्या बारीक तुषारांतून जंतू बाहेर पडतात. कराटेतली 'कियाई', म्हणजे पोटातून काढलेली आरोळी, बंद खोलीत हेच काम करते. योग्य औषध सुरू झाल्यावर बहुतेक रुग्णांचा संसर्ग काही आठवड्यांत झपाट्याने कमी होतो. पण वर्गात परत कधी जायचे ते बेडक्याची तपासणी पाहून डॉक्टरांनी सांगायचे, आपण ठरवायचे नाही.

ताप गेला, भूक लागू लागली, डॉक्टरांनी होकार दिला, की सुरुवात चालण्याने करावी. चालता चालता बोलता आले पाहिजे, हे माप. मग घराच्या गॅलरीत किंवा मोकळ्या गच्चीवर काता करावा. काता म्हणजे ठरलेल्या हालचालींची साखळी. तो एकट्याने, सावकाश आणि ओरडल्याशिवाय करता येतो. आजाऱ्यासाठी याहून सोयीची कवायत शोधून सापडणार नाही. जोर, उड्या, धावणे नंतर. समोरासमोरची लढत, म्हणजे कुमिते, सगळ्यांत शेवटी आणि डॉक्टरांना स्पष्ट विचारूनच.

औषधांचे परिणामही सरांना ठाऊक हवेत. एका गोळीने लघवी तांबडी होते, ते रक्त नव्हे, घाबरू नये. पण दुसऱ्या एका औषधाने सांधे दुखू शकतात, आणि त्या दिवशी 'आळशीपणा करतोस' म्हणून मुलाला खाली बसवून उठवले तर तो अन्याय होईल. हातापायांना मुंग्या येऊ लागल्या, नजर अंधुक झाली, रंग ओळखण्यात गफलत होऊ लागली, डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात, तर लगेच केंद्रावर जावे. बेडक्यातून रक्त आले किंवा छातीत एकाएकी कळ येऊन श्वास घेता येईना, तर सराव तिथेच थांबवून रुग्णालय गाठावे. मणक्याचा किंवा हाडाचा टीबी असेल तर पडणे, फेकणे, लाथ मारणे हे सारे डॉक्टर सांगेपर्यंत वर्ज्य.

घरात मधुमेह असेल तर आणखी सावध राहावे. मधुमेही माणसाला टीबी होण्याचा धोका दुप्पट-तिप्पट असतो. कराटे अनवाणी करतात. मधुमेहाने पाय बधिर झालेल्याला खडा टोचलेला कळत नाही. त्याने सरावाआधी आणि नंतर तळपाय उजेडात पाहावेत. इन्सुलिन घेणाऱ्याने साखर जवळ ठेवावी.

टीबीखेरीज इतर दीर्घ आजारांतही सावकाश युद्धकलेचा उपयोग तपासून पाहिला गेला आहे. २०१२ साली अमेरिकेत पार्किन्सनच्या, म्हणजे कंपवाताच्या, १९५ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात आठवड्यातून दोनदा, २४ आठवडे ताय ची करणाऱ्यांचा तोल इतर व्यायाम करणाऱ्यांपेक्षा अधिक सुधारला. ते पडेनासे झाले असे नाही, पण नुसते अंग ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा कमी पडू लागले. आजार तोच राहिला, जगणे थोडे सोपे झाले. कराटे असो की ताय ची, आजाऱ्याने तिच्याकडून एवढीच अपेक्षा ठेवावी, आणि एवढीही काही थोडी नाही.

वेगळी ताटली

आता घरातली गोष्ट. टीबी झाला की पहिले काय होते? वेगळी ताटली, वेगळा पेला, कोपऱ्यात वेगळी जागा. लहान मुलांना 'तिच्याजवळ जाऊ नका' अशी ताकीद.

ज्यांच्या आज्या-पणज्यांना वरून ओंजळीत पाणी ओतले गेले, ज्यांना हॉटेलात फुटका कप वेगळा ठेवला जाई, ज्यांच्यासाठी बाबासाहेबांनी १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्यांच्याच घरात वेगळी ताटली निघावी? टीबी ताटलीने पसरत नाही. पेल्याने, कपड्याने, हात हातात घेतल्याने पसरत नाही. तो हवेने पसरतो. म्हणून करायचे ते एवढेच: खिडकी उघडी ठेवायची, पहिले आठवडे रुग्णाने तोंडावर मास्क किंवा रुमाल बांधायचा, बेडका झाकणाच्या डब्यात टाकून त्याची नीट विल्हेवाट लावायची, आणि घरातल्या सगळ्यांची, विशेषतः लहान मुलांची, तपासणी करून घ्यायची. डॉक्टरांनी सांगितल्यास त्यांनी प्रतिबंधक औषधही घ्यावे. काळजी घेणे आणि विटाळ पाळणे यांतला फरक आपल्याहून चांगला कोणाला कळणार?

विनयपिटकातली एक कथा आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन स्वतःच्याच घाणीत पडला होता. तो इतरांच्या उपयोगी पडला नव्हता, म्हणून कोणी त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदला पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून खाटेवर ठेवले. मग संघाला बोलावून सांगितले, की ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची सेवा करावी. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात ही कथा आवर्जून घेतली आहे.

त्याच ठिकाणी तथागतांनी चांगल्या रुग्णाचे पाच गुण सांगितले आहेत. हिताचे असेल ते करणारा. हिताच्या गोष्टीतही माप जाणणारा. औषध घेणारा. सेवा करणाऱ्याला आजार वाढला, उतरला की तसाच आहे हे खरे खरे सांगणारा. वेदना आल्या तर त्या सोसण्याचे धैर्य असणारा. अडीच हजार वर्षांपूर्वीचे हे पाच नियम आजच्या कराटेच्या वर्गात भिंतीवर लावावेत असे आहेत. यातला माप जाणण्याचा नियम हौशी मुलासाठी आहे, खरे सांगण्याचा नियम घाबरलेल्या मुलीसाठी. सेवा करणाऱ्याचेही गुण तिथे सांगितले आहेत. त्यात थुंकी, ओकारी यांची किळस न येणे हा एक आहे, आणि रुग्णाला धम्माच्या चार गोष्टी सांगून उभारी देता येणे हा दुसरा.

बाबासाहेबांचे आजारपण

आजारी माणसाकडून काही होत नाही असे म्हणणाऱ्याने बाबासाहेबांची शेवटची वर्षे आठवावीत. मधुमेह, रक्तदाब आणि पायांच्या वेदनांनी ते बेजार होते. रात्र रात्र झोप लागत नसे. मुंबईत डॉ. मालवणकरांचे उपचार चालू होते, मुंबईतच त्यांची डॉ. शारदा कबीर यांच्याशी ओळख झाली. १५ एप्रिल १९४८ रोजी दोघांचा विवाह झाला आणि त्या आपल्या माईसाहेब झाल्या. याच दिवसांत घटनेचा मसुदा तयार होत होता. पुढे शरीर आणखी थकले, तरी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी लाखोंना धम्मदीक्षा दिली. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ त्यांनी त्याच अवस्थेत पुरा केला. तो छापून आला १९५७ साली, ६ डिसेंबर १९५६ च्या महापरिनिर्वाणानंतर. त्यांनी आजार नाकारला नाही, डॉक्टरही टाळले नाहीत. औषध आणि काम दोन्ही एका छपराखाली चालले.

संयुत्त निकायात नकुलपिता नावाच्या वृद्ध, आजारी उपासकाची गोष्ट येते. त्याला तथागतांनी सांगितले, की शरीर आजारी असले तरी मन आजारी होऊ नये असा अभ्यास कर. इथे अभ्यास हा शब्द महत्त्वाचा. मन आपोआप निरोगी राहत नाही, त्याला रोजचा सराव लागतो. सकाळी गच्चीवर सावकाश केलेला एक काता हाही तसाच सराव होऊ शकतो.

वर्ग चालवणाऱ्यांना विनंती

घोडपदेव, लालबाग, परळ, नायगावला जे तरुण कार्यकर्ते कराटेचे किंवा लाठीचे वर्ग चालवतात त्यांना चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. प्रवेशाच्या वेळी मुलाच्या प्रकृतीविषयी आई-वडिलांना एकांतात विचारा आणि ऐकलेले चारचौघांत बोलू नका. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा ताप, घटणारे वजन, रात्रीचा घाम दिसला तर मुलाला रागावू नका, तपासणीला पाठवा. शक्य तिथे वर्ग मोकळ्या हवेत घ्या, सभागृह असेल तर सगळ्या खिडक्या उघडा. आणि उपचार घेणाऱ्या मुलाचे नाव हजेरीपटावरून खोडू नका. रांगेतली त्याची जागा राखून ठेवा. महिन्यातून एकदा त्याच्या घरी जा, गोळ्या चालू आहेत का विचारा, पुढचा बेल्ट कधी द्यायचा ते बोला. सहा महिने रोज गोळी गिळण्यासाठी मुलाला काहीतरी कारण लागते. आपली जागा कोणीतरी राखून ठेवली आहे, हे फार मोठे कारण आहे.

आणि आयांनो, तो पांढरा पोशाख माळ्यावर टाकू नका. धुऊन, इस्त्री करून खुंटीला टांगून ठेवा, पोराला दिसेल असा.